आपली माकडे अमेरिकेत काय शिकवतात?



आपल्या बेटावरून दरवर्षी हजारो माकडे विमानाने परदेशी जातात, आणि त्यांतली पुष्कळशी अमेरिकेला जातात, ही गोष्ट आता कोणापासून लपलेली नाही. या व्यापारावर बोलणारे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, हे मारुतीरायाच्या कुळातले जीव, त्यांना पिंजऱ्यात घालून विकणे हे पाप आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ही माकडे ऊस खातात, लिचीच्या बागा उजाड करतात, आणि त्यांच्यामुळे देशाला डॉलर मिळतात व जगाला औषधे मिळतात. दोन्ही बाजूंचे बोलणे मी बसमध्ये, बाजारात, गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांच्या गप्पांत पुष्कळ ऐकले आहे. पण ही माकडे तिकडे गेल्यावर त्यांच्यापासून नेमके काय शिकले जाते, हे सांगणारा त्यांत कोणी भेटला नाही. मला वाटते, ते कळल्याशिवाय पाप की पुण्य हे ठरवता येणार नाही. म्हणून आज या पानावर थोडे विज्ञान आणि थोडे माझे मत, असे दोन्ही मांडते. मी वर्गात मराठी शिकवते, विज्ञान नव्हे. परंतु जी गोष्ट आपल्या भाषेत सांगता येत नाही ती आपल्याला समजली असे मी धरत नाही, आणि आपल्या घरांतल्या आज्यांनाही ती समजली पाहिजे.

प्रथम विषाणूचे पाहू. विषाणूला जीव म्हणावे की नाही यावरही पंडितांत वाद आहे, कारण स्वतःच्या बळावर तो वाढूच शकत नाही. तो शरीराच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यांत आपला स्वयंपाक मांडतो. रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडी त्याला पेशीच्या बाहेर गाठू शकतात. एकदा तो आत गेला आणि दार लागले की अँटिबॉडीला तो सापडत नाही. तिथून पुढचे काम टी पेशींचे असते.

टी पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात. त्यांचा जन्म हाडांतल्या मगजात होतो, पण शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते, आणि या थायमसचे पहिले अक्षर म्हणून त्यांना टी म्हणतात. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वय वाढते तशी आकसत जाते. तिचा उपयोग काय हे पुष्कळ काळ कोणाला ठाऊकच नव्हते. लंडनमध्ये जॅक मिलर या संशोधकाने १९६१ साली नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ते उंदीर रोगांशी झुंजू शकेनात. थायमसची शाळा फार कडक आहे. जी पेशी आपल्याच शरीरावर हल्ला करील ती तिथे मारली जाते, आणि जिला काहीच ओळखता येत नाही तीही मरते. शंभरातल्या नव्वदांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेत नापास होतात आणि नापास म्हणजे मरण. आपल्या जुन्या सी.पी.ई. परीक्षेला पालक उगाच कठीण म्हणत असत!

जी टी पेशी पास होऊन बाहेर पडते ती बंद दारामागचा चोर कसा ओळखते? शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या घरात काय शिजते आहे त्याचे लहान लहान तुकडे एका ताटलीवर ठेवून दारापुढे मांडत असते. टी पेशी दारोदार फिरते आणि ताटल्या चाचपते. ताटलीवर घरचेच अन्न असेल तर पुढे जाते. परका तुकडा दिसला की समजते, या घरात विषाणू बसला आहे, आणि मग ती ते घरच पाडून टाकते. अशा मारणाऱ्या पेशींना सीडी-आठ टी पेशी म्हणतात. दुसऱ्या काही, सीडी-चार नावाच्या, स्वतः फारशा मारत नाहीत, पण मारणाऱ्यांना आणि अँटिबॉडी बनवणाऱ्यांना बळ देतात. या मदतनीस पेशींवरच एचआयव्ही हल्ला करतो, म्हणून तो इतका घातक.

ही ताटली आपल्याला आईबापांकडून मिळते आणि माणसामाणसांत वेगळी असते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली उंदरांवर दाखवून दिले की टी पेशी नुसता परका तुकडा पाहत नाही, ताटलीही पाहते. ताटली ओळखीची असेल तरच तिला वरचा तुकडा कळतो. या शोधाबद्दल दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले. वाचकांनी ही ताटली लक्षात ठेवावी. आपल्या माकडांची सारी किंमत तिच्यात आहे.

सर्दीचा विषाणू आठवड्यात हरतो. टी पेशी वाढतात, शत्रू संपवतात, बहुतेक मरून जातात आणि थोड्या पेशी आठवण धरून राहतात. पण काही विषाणू हटत नाहीत. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंत निजून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. यकृताला धरणारे हेपटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे मुक्काम करतात. एचआयव्ही तर जन्मभर जात नाही. अशा घरात ठाण मांडून बसलेल्या शत्रूशी लढताना टी पेशींचे काय होते, हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेत सुटत गेला, आणि त्याची कथा एका उंदराच्या विषाणूपासून सुरू होते.

१९३३ साली अमेरिकेच्या सेंट लुईस शहरात मेंदूच्या तापाची साथ आली. तिचा शोध घेताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना एक वेगळाच विषाणू सापडला. त्याचे नाव फार लांब आहे. शास्त्रज्ञ त्याला एलसीएमव्ही म्हणतात आणि आपणही तसेच म्हणू. थोड्याच वर्षांनी एरिक ट्राउब यांनी प्रिन्स्टन येथे पाहिले की जन्मापूर्वी किंवा जन्मतःच हा विषाणू लागलेले उंदीर तो आयुष्यभर बाळगतात आणि तरी चांगले दिसतात. पुढे कॅलिफोर्नियात मायकेल ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत रफी अहमद नावाचे तरुण संशोधक आले. अहमद हे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले होते. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या विषाणूची एक जात वेगळी काढली. मूळ जात मोठ्या उंदराच्या अंगातून आठवड्याभरात जाते, ही नवी जात मात्र मुक्काम करते. तिला क्लोन तेरा म्हणतात. एकाच विषाणूच्या दोन जाती, एक पाहुणी आणि एक भाडेकरू! आता दोन्ही उंदरांच्या टी पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या.

पाहिल्यावर काय दिसले? स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील मंडळींनी १९९३ साली सांगितले होते की दीर्घ लढाईत टी पेशी नाहीशा होतात. अहमद पुढे अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. त्यांच्या मंडळींनी १९९८ साली दाखवले की काही पेशी नाहीशा होत नाहीत, जागेवर उभ्या असतात, शत्रूला ओळखतातही, पण हात उचलत नाहीत. इंग्रजीत या अवस्थेला थकव्याचाच शब्द वापरतात. मला तो शब्द योग्य वाटतो. दिवसरात्र एकच परका तुकडा समोर येत राहिला की पेशीची शस्त्रे एकामागून एक गळून पडतात.

पुढे २००६ साली त्यांच्यातला एक ब्रेक सापडला. पीडी-एक नावाचा हा ब्रेक १९९२ सालीच जपानात क्योटो येथे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला होता. थकलेल्या पेशींवर तो घट्ट दाबलेला असतो. अटलांटा आणि हार्वर्ड येथील मंडळींनी उंदरांना असे एक अँटिबॉडी दिले की तो ब्रेक दाबणारा हातच धरला गेला. थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणू कमी झाला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या दर्बानमधील एचआयव्हीच्या रुग्णांचे रक्त तपासून दिसले की ज्यांचा आजार वाढत आहे त्यांच्या टी पेशींवर हा ब्रेक अधिक आहे. कर्करोगावर आज जी ब्रेक काढणारी औषधे दिली जातात ती याच विचारातून आली, आणि २०१८ साली होन्जो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना नोबेल मिळाले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा ब्रेक म्हणजे शरीराची चूक आहे असे कोणी समजू नये. ज्या उंदरांत हा ब्रेक दाबणारे द्रव्यच जन्मापासून नाही अशांना क्लोन तेरा दिला, तेव्हा ते थोड्याच दिवसांत मेले. विषाणूने नव्हे, स्वतःच्या टी पेशींनी मारले. शत्रू प्रत्येक घरात बसला असेल तर घरे किती पाडायची? शरीर केव्हातरी तडजोड करते आणि शत्रूसकट जगते. २०१६ साली असेही कळले की सगळ्याच पेशी थकत नाहीत. काही थोड्या पेशी मागे राखून ठेवलेल्या असतात, बियाण्यासाठी ठेवलेल्या धान्यासारख्या, आणि ब्रेक काढला की नवी फौज त्यांच्यातूनच उगवते. कोकणातल्या आपल्या पूर्वजांना ही रीत कोणी शिकवावी लागली नसती.

पण उंदराला एचआयव्ही होत नाही. माकडाला त्याचा चुलतभाऊ होतो, त्याला एसआयव्ही म्हणतात. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी एसआयव्ही झालेल्या माकडांच्या अंगातून सीडी-आठ पेशी औषधाने काही काळ काढून टाकल्या. विषाणू एकदम वाढला. पेशी परत आल्या, विषाणू उतरला. या साध्या प्रयोगाने टी पेशी खरोखर लढतात हे ठरले. ती माकडे आपली नव्हती, ऱ्हिसस जातीची होती.

आता आपली माकडे. ज्याला क्रिओलमध्ये आपण झाको म्हणतो तो लांब शेपटीचा मकाक. हा प्राणी इथला नाही. डच लोकांच्या काळात, किंवा त्याच्याही थोडा आधी पोर्तुगीजांच्या, कोणीतरी थोडी माकडे पूर्वेकडच्या बेटांवरून जहाजाने आणली आणि ती इथे सुटली. म्हणजे आपले आजे-पणजे मुंबई बंदरातून निघून इथे उतरले त्याच्या दोनशे वर्षांहून अधिक आधी ही मंडळी येथे पोचली होती, तीही कोणी विचारल्याशिवाय. आज ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत त्यांचे राज्य आहे, आणि महाशिवरात्रीला गंगा तलावावर भक्तांच्या हातचा प्रसाद ती कशी पळवतात ते सर्वांनी पाहिले आहे. गुलाबी कबुतराची अंडीही ती खातात, हे विसरून चालणार नाही. डोडो गमावलेल्या देशाला ते विसरता येत नाही.

मूळची माकडे थोडी, म्हणून आजची सगळी एकमेकांची जवळची नातलग. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे डेव्हिड ओ'कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून या माकडांच्या ताटल्या मोजल्या. माणसांत या ताटल्यांचे हजारो प्रकार आहेत. इतके की मगज देणारा जुळणारा दाता शोधताना रुग्णाचे नातलग हताश होतात. मॉरिशसच्या माकडांत मुख्य घराणी फक्त सात! त्यांना एम-एक ते एम-सात अशी नावे आहेत, आणि तो एम म्हणजे मॉरिशस. यामुळे एका माकडाच्या टी पेशी दुसऱ्या जुळणाऱ्या माकडाला देता येतात, एकाच ताटलीवर एकाच तुकड्याला वेगवेगळी माकडे कसे उत्तर देतात ते पाहता येते. मुख्य भूमीवरच्या माकडांत हे कठीण आहे. जगातल्या प्रयोगशाळांत आपल्या बेटाचे नाव साखरेने नव्हे, या सात अक्षरांनी ओळखले जाते, आणि आपल्या शाळेतल्या एकाही पुस्तकात मी ते वाचलेले नाही.

याचे सर्वांत मोठे फळ २०२३ साली दिसले. एचआयव्हीची औषधे आज उत्तम आहेत, रुग्ण दीर्घ आयुष्य जगतो. पण गोळ्या बंद केल्या की विषाणू परत येतो, कारण तो मदतनीस टी पेशींच्या आत निजून राहतो. जगात मोजकेच लोक पूर्ण बरे झाले. त्यांतला पहिला टिमोथी रे ब्राउन हा अमेरिकन. त्याला रक्ताचा कर्करोग झाला म्हणून २००७ साली बर्लिनमध्ये दुसऱ्याच्या मगजातल्या मूळपेशी दिल्या, आणि एचआयव्हीही गेला. दात्याच्या पेशींत एक दुर्मिळ दोष होता, त्यामुळे विषाणूला त्यांच्यात शिरता येत नव्हते. सर्वांना वाटले, बरे होण्याचे कारण तो दोष. ओरेगन राज्यात जोना साचा यांच्या मंडळींनी हे पडताळून पाहायला मॉरिशसची माकडे घेतली, कारण दाता आणि घेणारा यांचे जुळवणे यांच्यातच शक्य होते. एसआयव्ही झालेल्या चार माकडांना साध्या, तो दोष नसलेल्या दात्यांच्या मूळपेशी दिल्या. चारांतली दोन बरी झाली. औषध बंद करून वर्षे लोटली तरी विषाणू परतला नाही.

कसे झाले ते त्यांनी पायरीपायरीने पाहिले. दात्याच्या नव्या पेशींना जुन्या शरीराच्या रक्तपेशी परक्या वाटल्या आणि त्यांनी त्या मारल्या, त्यांच्यासोबत आत लपलेला विषाणूही गेला. प्रथम रक्त साफ झाले, नंतर हातापायांकडच्या गाठी, सर्वांत शेवटी पोटातल्या गाठी. आणि जी दोन माकडे बरी झाली नाहीत त्यांच्यात विषाणूने दात्याच्या नव्या मदतनीस पेशींत उडी मारली होती. म्हणजे दोन कामे व्हायला हवीत: लपलेल्याला मारणे आणि नव्याला वाचवणे. मूळपेशी बदलण्याचा हा उपचार इतका धोक्याचा आहे की कर्करोग नसलेल्या रुग्णाला कोणी देणार नाही. पण शत्रू शेवटी कुठे लपतो हे या माकडांनी दाखवले, आणि ते माणसात असे पाहता आले नसते.

मग माझे मत काय?

मला एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले होते, "मिस, मारुती रागावणार नाही का?" मी तिला म्हटले, मारुती लक्ष्मणासाठी डोंगर उचलून औषध घेऊन आला होता, त्याला औषधाचे मोल कळते, पण कोणत्या औषधासाठी आणि किती जणांना नेले, हे तो नक्की विचारील. तेच मी आता सरकारला आणि व्यापाऱ्यांना विचारते.

कारण इथे एक गोष्ट झाकली जाते. जे लोक या व्यापाराचे समर्थन करतात ते एड्स आणि कर्करोग यांची नावे घेतात. ती नावे खोटी नाहीत. वर मी जे सांगितले ते सर्व खरे आहे. पण ओरेगनच्या त्या कामाला आठ माकडे लागली, चार उपचाराची आणि चार तुलनेची. परदेशी जाणाऱ्या हजारो माकडांपैकी बहुसंख्य अशा शोधांसाठी जातच नाहीत. खासगी कंपन्यांच्या नव्या औषधांची विषारीपणाची ठरावीक चाचणी करण्यासाठी जातात. औषध ठराविक दिवस द्यायचे, रक्त तपासायचे, मग माकड मारून अवयव पाहायचे. अशा चाचण्याही आजवर माणसांच्या सुरक्षिततेसाठी मागितल्या गेल्या, हे मी जाणते. पण पहिल्या कामाच्या पुण्यावर दुसऱ्या कामाचा व्यापार चालवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. आठ माकडांच्या नावावर हजारांचा हिशेब मिटवता येत नाही.

शिवाय दिवस बदलत आहेत. चीनने २०२० साली माकडे पाठवणे थांबवले, २०२२ साली कंबोडियातील रानटी माकडे चोरून पाळीव म्हणून पाठवल्याचा खटला अमेरिकेने उभा केला, आणि एकदम सर्वांची नजर आपल्या बेटाकडे वळली. भाव चढला. पण त्याच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की अँटिबॉडी जातीच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या हळूहळू कमी करून दुसऱ्या पद्धती आणायच्या. म्हणजे आज चढलेला भाव उद्या उतरणार. साखरेच्या भावाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. एका गिऱ्हाइकावर विसंबून मोठमोठी प्रजननगृहे बांधत जाणे हे शहाणपण मला दिसत नाही.

सर्व निर्यात उद्या बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांचे जवळचे माणूस एचआयव्ही घेऊन जगते त्यांच्यापुढे उभे राहून मी तसे म्हणू शकणार नाही. आपल्या बेटावर एचआयव्हीचा पहिला रुग्ण १९८७ साली आढळला आणि पुढे सुईने घेतल्या जाणाऱ्या नशेने तो पसरला. त्याच सुईने हेपटायटिस सी पसरला. २००६ पासून मेथाडोन आणि स्वच्छ सुया देण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा आपल्यातच किती लोकांनी नाके मुरडली! हे आपल्या समाजात नाही, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी मला अजून भेटतात. आहे. कुटुंबे लपवतात. मुलगा घरी असतो आणि पाहुणे आले की तो परदेशी आहे असे सांगतात. हेपटायटिस सी आज बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो, शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात. पण तपासच केला नाही तर गोळी कोणाला द्यायची? उशीर करण्याचे आणखी एक नुकसान आहे. २०२१ साली संशोधकांनी दाखवले की वर्षानुवर्षे थकलेल्या टी पेशी, विषाणू गेल्यावरही, पूर्वीसारख्या पूर्ण होत नाहीत, थकव्याची खूण त्यांच्यात राहून जाते. म्हणून ज्या घरात शंका आहे त्या घराने सरकारी इस्पितळात जाऊन रक्त तपासून घ्यावे. उपचार तिथे फुकट आहेत.

मागणे इतकेच आहे. रानातून माकडे पकडून प्रजननगृहांत भरणे थांबावे. रानातली माकडे कबुतरांना आणि उसाला त्रास देतात, तर त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा, तो व्यापाराच्या पोटात घालू नये. प्रत्येक निर्यातीबरोबर ती कोणत्या संस्थेकडे आणि कोणत्या कामासाठी गेली हे दरवर्षी छापून जाहीर व्हावे, आकड्यांसह. दीर्घ विषाणूंच्या आणि लशींच्या शोधासाठी जी जातात त्यांना मी हरकत घेणार नाही. ठरावीक चाचण्यांसाठी जाणारी दरवर्षी कमी होत जावीत. आणि प्रत्येक माकडामागे जी रक्कम निसर्गसंवर्धनाच्या निधीत जाते तशीच एक रक्कम शिक्षणासाठी असावी. मॅडिसनला आणि ओरेगनला आपली माकडे जातात, आपले विद्यार्थी किती जातात? ज्या सात घराण्यांवर परदेशात लोकांनी डॉक्टरेट मिळवल्या, त्यांच्यावर आपल्या रेद्वी येथील विद्यापीठात एखादी प्रयोगशाळा का नसावी? मगज जुळवण्याचे शास्त्र शिकलेला एक मॉरिशियन डॉक्टर इथल्याच रुग्णांच्या उपयोगी पडेल, कारण भारत, आफ्रिका, चीन आणि युरोप येथून आलेल्या आपल्या लोकांच्या ताटल्या सात नाहीत, अगणित आहेत, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या आपल्या रुग्णाला जुळणारा दाता मिळवणे हे काम फार कठीण आहे.

येत्या निवडणुकीत मत मागायला जे दारात येतील त्यांना वाचकांनी हे तीन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी किती माकडे गेली, कोणत्या कामासाठी गेली, आणि त्यातून आपल्या मुलांच्या शिक्षणाला किती मिळाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या तोंडी असेल. दुसऱ्यासाठी त्यांना कचेरीत जाऊन कागद पाहावे लागतील, आणि ते पाहून यायला आपण त्यांना एक आठवडा द्यावा.